काकडीची वजाबाकी

लग्नाच्या पंगतीत खिशातून काकडी काढणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ताटात जिलेबी होती, द्रोणात मठ्ठा होता, वाढपी आग्रहाला पेटला होता. माझ्या शेजारी बसलेल्या अवाढव्य गृहस्थांनी पाच जिलेब्या शांतपणे संपवल्या आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला. दोन काकड्या बाहेर आल्या. धोतराला पुसून त्यांनी त्या कराकरा खाल्ल्या, बोटांवर कसलासा हिशेब केला आणि वाढप्याला हाक मारली.

"आन रं इकडं. तीन जिलेबीची जागा झाली."

मी बघतच राहिलो, तसे ते माझ्याकडे वळले. "नवीन दिसताय. आवो, जिलेबी बेरजेची आन् काकडी वजाची. बेरीज झाली की लगोलग वजा करून टाकायची, म्हंजी अंगाला काय चिकटत न्हाई."

हे आमचे सोपानआप्पा. मी तेव्हा साखर कारखान्यात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि वडगाव रासाईत बिऱ्हाडासाठी खोली शोधत होतो. पंगतीतून उठायच्या आत आप्पांनी मला त्यांच्या घरासमोरची खोली मिळवून दिली, भाडं परस्पर ठरवलं आणि हात धुता धुता मुळा कसा खावा तेही सांगितलं.

आप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, ऊस उतरवला की रिकामी तोलायची आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांना साऱ्या जगाची तीच रीत वाटायची. "भरलेलं वजा रिकामं, ऱ्हाईल ते खरं," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुठला पुढारी गावात तासभर बोलून गेला की आप्पा हेच म्हणायचे आणि पुढे, "ह्याचं काय ऱ्हाईना," अशी पुस्ती जोडायचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि कोकरू नुसतं हातांवर उचलून वजन सांगायचे. "तोलायचं आमच्या रक्तातच हाय," असं आप्पा छाती काढून सांगत. छातीच्या आधी पोट पुढे यायचं, त्याला इलाज नव्हता.

काकडीचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं ते कारेगावच्या भाच्याने. तो तिकडे कंपनीत होता. कंपनीतले साहेब जेवणाआधी ताटभर काकडी खातात, कारण ती पचवायला शरीराला जेवढी ताकद लागते तेवढी काकडीत मुळात नसतेच. सबब काकडी खाणारा खाता खाता वाळतो. याला निगेटिव्ह कॅलरी म्हणतात, असं भाचा बोलून गेला. आप्पांना हे जणू कुणी आपल्याच काट्यावरचं सांगितल्यासारखं वाटलं. आत जाताना भरलेलं, बाहेर येताना रिकामं, आणि वर अंगातलंच थोडं घेऊन जाणारं! त्या दिवसापासून त्यांनी जगातल्या खाण्याच्या दोन जाती केल्या. काकडी, मुळा, कोबी, दुधी, टोमॅटो वजाचे. बाकी सगळं बेरजेचं. मुळ्याचे दिवस आले की त्यांचा काट्यावरचा जोडीदार केबिनच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचा.

पहिल्या पहिल्यांदा ते ट्रकच्या काट्यावर स्वतःच उभे राहून वजन बघायचे. पण उसाचे ट्रक तोलणाऱ्या त्या काट्याला माणसाचं काय कौतुक? किलो-दोन किलोचा फरक त्याच्या खिजगणतीतही नव्हता. महिनोन् महिने काकडी खाऊन आकडा जागचा हलेना, तेव्हा आप्पांनी त्याचा नाद सोडला आणि दुसरा काटा धरला. तो होता ओढ्याचा चढ.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण आप्पांचा जीव अडकला होता तो तिथेच.

आप्पांची बायको मालनकाकू. आप्पा जेवढे आडवे, तेवढ्याच काकू वाळक्या आणि अबोल. लग्न झाल्यापासून दर आठवड्याला त्या डोक्यावर पाटी घेऊन पायी बाजाराला जायच्या. आप्पांनी उतारवयात एक जुनी मोपेड घेतली ती केवळ त्यांच्यासाठी. पहिल्या बाजाराला गाडीला हार घातला, नारळ फोडला, सारी आळी बघायला आली. काकू लाजत मागे बसल्या. आणि गावाबाहेर ओढ्याच्या चढाला लागताच गाडीने मान टाकली. दोघांना घेऊन ती चढेना. काकू मुकाट्याने उतरल्या आणि चालू लागल्या. मागून येणारा एक टेम्पोवाला ओरडला, "आप्पा, बाईला बसवा आन् तुमी ढकला!"

ते आठवलं की आप्पांचे कान अजून तांबडे व्हायचे. "गाडी तिच्यासाठी घेतली आन् चालती तीच," ते म्हणायचे. "मी राजावानी वर जाऊन बसतो आन् ती मागनं उन्हाची येती. एकदा, फकस्त एकदा हिला न उतरवता वर न्यायची हाय मला."

तेव्हा काकडी होती ती यासाठी. बीपी, गुडघे वगैरे नंतर.

मग दर बाजारच्या दिवशी गाडी कुठवर चढली यावरून आप्पा वजन समजू लागले. खाली ओढ्यावरची मोरी. थोडं वर बोरीचं झुडूप. अर्ध्यावर, ऐन उभ्या चढाला, एक लिंब. त्याच्या सावलीत एक छपराचं घर आणि दारातल्या बाजेवर दिवसभर बसून असलेली गजरामावशी नावाची थकलेली म्हातारी. लिंबाच्या पुढे चढ मवाळ होता, म्हणजे लिंब गेला की गड सर. वर पाण्याची टाकी आणि चहाची टपरी. गाव हे सगळं क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारायचं.

"आप्पा, आज कुठवर?"

"बोर!"

"आरं वा! गेल्या बाजारी मोरीलाच व्हता की!"

एकदा मी त्यांना शिरूरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आप्पांनी बीपी राहू दिलं बाजूला आणि काकडीचाच मुद्दा काढला. डॉक्टर भला माणूस. त्याने समजावून सांगितलं, की काकडी पचवायला ताकद लागते ती थोडी, काकडी देते ती त्याहून जास्तच. शून्याच्या खाली जाणारं अन्न अजून कुणाला सापडलेलं नाही. फायदा एवढाच, की काकडीत पाणी फार, त्याने पोट भरतं आणि भाकरी कमी जाते. वजन उतरवायचं तर भाकरी कमी करा आणि चाला.

मला वाटलं, संपलं आता काकडीपुराण. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "शिकलेला हाय, पन काट्यावर बसला न्हाई कवा. काकडी खा म्हनला का न्हाई?"

"म्हणाले."

"तिनं भाकरी कमी व्हती म्हनला का न्हाई?"

"म्हणाले."

"मग वजाच झालं की! दुसरं काय सांगत व्हतो मी?"

आणि दुसऱ्या दिवसापासून आप्पा कारखान्याला पायी जाऊ लागले. चालायला सांगितलं म्हणून नव्हे हं. काकडी जिरायला पाहिजे म्हणून. चार भाकरींच्या जागी दोन झाल्या. "ह्यांच्या काकडीपायी पीठ उरायला लागलंय," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या. एवढं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. आप्पांचा सदरा सैल दिसू लागला. आणि एका बाजारी त्यांनी आळीच्या तोंडापासूनच आरोळी ठोकली, "लिंब!"

साऱ्या गावाला वाटलं, आता महिन्याभरात गड सर. पण कसचं काय. पुढच्या बाजारी विचारलं तर लिंब. त्याच्या पुढच्या बाजारी लिंब. पावसाळा गेला, कारखान्याचा हंगाम आला, तरी लिंबच. सदरा आणखी सैल झाला होता, तरी गाडी म्हणे लिंबापाशीच अडायची. लोक चेष्टा करू लागले. "काकडीनं दगा दिला आप्पाला." मीही करायचो. एरवी एकाला चार ऐकवणारे आप्पा नुसतं "व्हय बाबा" म्हणून मान खाली घालायचे. मला वाटलं, माणूस खचला.

एके दिवशी माझी सकाळची एसटी चुकली. आप्पांना शिरूरला जायचंच होतं. "बसा मागं," ते म्हणाले. काकू म्हणजे पाप्याचं पितर आणि मी खात्यापित्या घरचा, तेव्हा मोरीपाशी आल्यावर मी आपणहून पाय खाली सोडला. आप्पांचं लक्ष नव्हतं. गाडी बोरीवरून गेली. लिंबापाशी जरा कण्हली, पण गेली. आणि मी मागे बसलेला असताना ती सरळ टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

"आप्पा! चढली! अहो, गाडी चढली!" मी ओरडलो.

आप्पांनी गाडी बंद केली. रंगेहाथ सापडलेल्या चोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"पावसाळ्याच्या आधीच चढली ही," ते हळूच म्हणाले. "लिंब म्हनून सांगितलं ना, त्याच्या फुडच्याच बाजारी. मागं मालन व्हती. वर आल्यावर मला वाटलं, दोन्ही हात वर करून वरडावं. म्हनलं, मालन, बघ, उतरावं लागलं न्हाई तुला. ती म्हनली, बरं झालं की. पन तोंड मागं. लिंबाकडं. मग आळीत इचारलं तवा लिंबच म्हनलो."

"मग?"

"सांच्याला घरी आलो. पिशवी रिकामी करतोय तर खाली डबी. उघडली तर लापशी. गार, तशीच. मावशीला दात न्हाईत, म्हनून दर बाजाराला मऊ लापशी करून न्हेती ही. मला पत्ता न्हाई! मी आपला वर तोंड करून टाकीपाशी बसलेला."

गजरामावशी काकूंच्या माहेरची, यवतकडची, हे मला तेव्हा कळलं. काकूंचे आईवडील केव्हाच गेले होते, पाठीला भाऊ नव्हता. लग्नात रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव बदललं आणि त्या मालन झाल्या.

"फुडच्या बाजारी लिंबापाशी मूठ सैल सोडली," आप्पा सांगत होते. "गाडी आपसूक घुटमळली. म्हनलं, चढंना गं. ती उतरली. मी वर आलो आन् टाकीआडून कान दिला. म्हातारी मोठ्यानं बोलती, ऐकू कमी येतं ना. म्हनत व्हती, चिमे, मागल्या बाजारी आली न्हाईस गं? चिमे!" आप्पांनी खाली लिंबाकडे पाहिलं. "हिला चिमी म्हननारं सबंध दुनियेत तेवढं एकच मानूस उरलंय, आन् मी वजाबाकी करता करता नेमकं तेच वजा करायला निघालो व्हतो."

मला त्या माणसाची एकदम माया आली. पण कारकुनी डोकं गप्प बसेना. मी म्हटलं, "अहो, मग सरळ सांगायचं ना काकूंना, की बस मावशीपाशी, मी थांबतो म्हणून."

"थांबतो म्हनलं की ती घाईत बसनार. नवरा खोळंबलाय म्हनून निम्मा जीव माझ्याकडं. आन् गाडीच चढंना म्हनलं, की चालत येनं आलंच. मग येती निवांत. कुनाचे कुनावर उपकार न्हाईत." गाडी सुरू करता करता त्यांनी बजावलं, "गावात बोलू नका. लिंबालाच अडकलाय म्हनत्यात, म्हनू द्या."

पुढच्या बाजारी मी मुद्दाम टाकीजवळच्या टपरीवर चहा घेत बसलो. खालून मोपेडचा आवाज आला, लिंबापाशी घुटमळला. थोड्या वेळाने आप्पा एकटेच वर आले, गाडी स्टँडला लावली, चढाकडे पाठ करून बसले आणि खिशातून काकडी काढली. टपरीवाल्याने विचारलं, "आप्पा, आज कुठवर?"

"लिंब," आप्पा मान खाली घालून म्हणाले.

"काकडी वाढवा, आप्पा," टपरीतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी हसलो नाही. खाली लिंबाच्या सावलीत दोन डोकी एकमेकांजवळ आली होती. मधेच म्हातारीचा चिरका आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ काकूंचं हसणं. त्या हसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझे दोन चहा झाले. मग काकू पदराने डबी पुसत सावकाश वर आल्या. आप्पांसमोर उभ्या राहून ओशाळल्यागत म्हणाल्या, "लई वेळ बसावं लागलं का हो?"

"छे गं," आप्पा म्हणाले. "माझी काकडी कुठं झालीय आजून?"

त्यांच्या हातात नुसतं देठ होतं.