श्वास घेणारी अक्रोडी जमीन

“ह्या जमिनीवर माझ्या हयातीत एक डाग पडणार नाही!”

निवृत्त ग्रंथपालांनी आपल्या वाचनखोलीच्या मधोमध उभे राहून ही प्रतिज्ञा केली, तेव्हा सुताराने शेवटची पट्टी बसवून तासही लोटला नव्हता. प्रतिज्ञेला कारण तसेच होते. काळा अक्रोड म्हणजे लाकडांतला राजर्षी! गडद तपकिरी वर्ण, त्यात किंचित जांभळी झाक, आणि रेषा तर संथ पाण्यावरच्या लहरींसारख्या. ग्रंथपाल गुडघे टेकून ते रूप पाहत राहिले. निस्सीम भक्तानेही देवापुढे इतका वेळ गुडघे टेकले नसतील.

सुतार हत्यारे आवरत म्हणाला, “साहेब, दोन गोष्टी सांगून ठेवतो. हे लाकूड दिसतं भारदस्त, पण आहे जरा मऊ. जड काही पडलं तर खळगा पडेल. आणि दुसरं म्हणजे, उजेडानं ह्याचा रंग...”

“समजलं! उजेडापासून जपायचं! अहो, पस्तीस वर्षं पुस्तकं जपली आहेत मी!”

जपणे म्हणजे कव्हर घालणे, हा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. पाककृतींची वही, औषधांच्या चिठ्ठ्यांची फाइल, फार काय, विजेच्या मीटरचे माहितीपत्रकसुद्धा त्यांच्या तपकिरी कागदातून सुटले नव्हते. सायंकाळपर्यंत अक्रोडालाही भिंतीपासून भिंतीपर्यंत कव्हर चढले. कोपरे अगदी काटकोनात!

“एवढ्या हौसेची जमीन, ती बघायची तरी कधी?” पत्नीने विचारले. तिचे दुःख निराळे होते. ती आणि तिच्या सहा मैत्रिणी नृत्याचा सराव करीत, तो एका गॅरेजात. “सिमेंटवर नाचून आमचे गुडघे बोलायला लागलेत हो! रोज तासभर खोली दिलीत तर काय बिघडेल?”

“सात जणी! चौदा टाचा! ह्या मऊ लाकडावर? मुळीच नाही!”

“बरं, मग पैज लावू. डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय. एकदा जरी चोरून खाताना सापडलात, तर खोली आमची. नाही सापडलात, तर मी पुन्हा नाव काढणार नाही.”

“मान्य! मी काय लहान मूल आहे?”

पत्नी मुत्सद्दी होती. नातवंडांच्या चॉकलेटांचा डबा तिने वाचनखोलीतल्याच कपाटात, चादरींच्या मागे ठेवला. ग्रंथपालांची खुर्ची दाराशी, कपाट समोरच्या भिंतीला, आणि मध्ये बारा पावलांचा कागद! त्याहून जागरूक पहारेकरी कुठून आणायचा? पहिल्याच दुपारी ग्रंथपालांनी एक पाऊल टाकले. कर्रर्र!

“काय हवंय?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“काही नाही! पाय मोकळे करतोय!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री घेतली आणि कागदात झाडाच्या लांबट पानाच्या आकाराची बारा भोके कापली.

“हे काय आता?”

“झरोके! लाकूड श्वास घेतं. त्याला कोंडून ठेवणं हा अधर्म आहे.”

अक्रोडाची महती तिने तीन आठवडे ऐकली होती. आणखी ऐकावी लागू नये म्हणून तिने मान डोलावली. त्या दिवसापासून ग्रंथपाल रोज दुपारी बगळ्यासारखे एकेक पाय उचलून, झरोक्यांतून निःशब्द जात आणि तसेच परत येत.

डबा वारंवार रिकामा होई. “ही मुलं रविवारी येतात की टोळधाड!” पत्नी वैतागे.

“असू दे गं,” ग्रंथपाल उदार स्वरात म्हणत, “लेकरंच ती!”

असे आठ महिने गेले. पूर्वेच्या मोठ्या खिडक्यांतून रोज ऊन येत राहिले. आणि मग एके दिवशी मेहुणा आला. पत्नीचा हा धाकटा भाऊ, जिभेवर हाड नसलेला.

“भावोजी, जमीन केलीत म्हणे. मग ही बांधून पाठवायची कुठं आहे?”

बाण वर्मी लागला! “उचल ते टोक!” ग्रंथपाल गरजले. “आठ महिन्यांत एक ओरखडा असेल, तर मला विचार!”

सर्रकन कागद निघाला. ओरखडा खरोखरच नव्हता. त्या गडद, गंभीर अक्रोडावर फक्त बारा फिकट सोनेरी पाने उमटली होती!

मेहुणा वाकला. “भावोजी, लाकूड श्वास घेतं हे मान्य. पण ते डावं-उजवं करत थेट कपाटापर्यंत चालत जातं? आणि तिथं दोन्ही पाय जुळवून उभं राहतं?”

“लाकडात दोष आहे!” ग्रंथपालांनी तातडीने सुताराला फोन लावला.

पलीकडून सुतार खणखणीत आवाजात म्हणाला, “दोष कसला! तेच तर सांगत होतो तेव्हा! कितीतरी लाकडं उजेडानं काळवंडतात, हा अक्रोड उलटा उजळतो. झाकला तेवढा गडद राहिला. कागद फेकून द्या, हळूहळू सगळा सारखा होईल.”

पत्नी पुढे आली. “जरा पाय ठेवा बघू ह्यावर.”

पाय ठेवावाच लागला. तंतोतंत बसला!

“रविवारच्या लेकरांचे पाय एवढे कधी झाले हो?” ती म्हणाली, आणि हसता हसता तिला जमिनीवरच बसावे लागले. मेहुणा तर खिडकीचे गज धरून हसत होता. शेवटी ग्रंथपालांनाही हसू आवरेना.

सोमवारी कपाट बाहेर गेले आणि सात जणी आत आल्या, ग्रंथपालांच्या अटीप्रमाणे अनवाणी. बोलके गुडघे अक्रोडावर गप्प झाले. त्यांच्यासोबत आलेली, नृत्य शिकवणारी गुरुबाई तर त्या खुणा पाहून हरखलीच. “अगंबाई, पावलंही आखलेली! अंतर किती नेमकं! काका, एकदा चालून दाखवा ना!”

काकांनी बरेच आढेवेढे घेतले, पण सात जणींपुढे एकट्याचे काय चालणार? ते निघाले. डावा, उजवा, डावा, उजवा! मागोमाग सहा मैत्रिणी; पत्नी तेवढी बाजूला उभी राहून पाहत होती. बारावे पाऊल पडले, पाय जुळले, आणि सवयीने त्यांचा उजवा हात अलगद उठून नसलेल्या कपाटाचे दार उघडून आत चादरींमागे गेला.

मागे सहा हात उठले. सहा अदृश्य कपाटे उघडली!

“वा!” गुरुबाई भारावून म्हणाली. “शेवटचा हात काय सुरेख! कुठं शिकलात, काका?”

“घरीच,” पत्नी म्हणाली. “आठ महिने रोज रियाज चालला होता.”