चिंगीचं वजन

दिघेकाकांच्या कासवाला मी माझ्या कुत्र्याचं औषध पाजायला बसलो होतो. तेही चांगले दोन तास, मांडी घालून.

काका नापतौल, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. त्यांना लांबून बघितलं की आमच्या कॉलनीतला भाजीवाला काटा पुसायला घेतो. पाव किलो सेव आणली तरी काका घरी पुन्हा तोलणार. कुणी म्हणालं, "काका, ताप आलाय," तर विचारणार, "वजन बोल, भिया! अंदाजानं काय होतं?" चिंगीला, म्हणजे त्या कासवाला, दर रविवारी पोहे झाले की सेव तोलायच्याच काट्यावर ठेवतात आणि वहीत आकडा लिहितात. तिनं पाय हलवला की पेन थांबतं. "हलतेय. आत्ता लिहिलं तर बेईमानी होईल."

परवा ते पुतणीच्या लग्नाला गौतमपुऱ्याला गेले आणि चिंगी माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी टबात बारीक पांढरे किडे दिसले. आमच्या मोतीच्या वेळची बाटली घरात होतीच. म्हटलं, जंत ते जंत. कुत्रा काय नि कासव काय! पण चिंगीनं मान जी आत घेतली, ती घेतलीच. मी "बेटा" म्हणून पाहिलं, "चिंगीबाई" म्हणून पाहिलं, शेवटी "मॅडमजी"वर आलो.

तेवढ्यात काका परतले. बाटली बघून जागीच थांबले.

"किती दिलंस?"

वजनाचं नावही नाही! मी घाबरलो. "एक थेंबसुद्धा नाही, काका. तोंडच उघडत नाही ती."

तरी ते स्कूटर काढून डॉक्टरांकडे निघालेच. मागे मी, मांडीवर बादली, बादलीत चिंगी.

डॉक्टरांनी बाटली वाचली, मग मला न्याहाळलं. "भाईसाहब, ये आयव्हरमेक्टिन है. कुत्ते को डॉक्टर देते हैं. कछुए को लकवा मार जाता है, जान चली जाती है." त्यांनी शी तपासली, कासवाला चालणारं दुसरं औषध ठरवलं आणि विचारलं, "वजन?"

काकांनी वही बरोबर आणली होती, पण ते चिंगीला धरून होते, म्हणून ती मी उघडली. पहिल्या पानांवर चिंगी नव्हतीच. 'सुमन' लिहिलं होतं. काकू. दर रविवारी एक आकडा: बावन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस. मग एक कोरं पान. त्यानंतर चिंगी.

येताना सिग्नलला काका समोर बघतच म्हणाले, "चिंगी सुमननं आणलेली. तिचं वजन उतरत होतं आणि मी आकडे बरोबर लिहीत बसलो. डॉक्टरला विचारायला उशीर केला."

काहीतरी बोलायलाच हवं, असं मला वाटलं. "अहो काका, तुम्ही तरी काय करणार, शेवटी ज्याचं त्याचं..."

सिग्नल सुटला. काकांनी गिअर टाकला.

"आज चिंगी तोंड बंद ठेवून वाचली, भिया. तू पण तेवढं शिक."