‘बाहेरून कडी’चा तपास

महाराष्ट्रात आजवर दोनच खरे गुप्तहेर झाले आणि त्यातला पहिला कोण हे अद्याप उघडकीस आलेले नाही, अशी गहिनीनाथराव स्वतःची ओळख करून देतात. भिंगारच्या छावणीत त्यांनी तीस वर्षे अत्यंत संवेदनशील कामगिरी बजावली. ते पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत आणि वेळ झाली की बंद करत. निवृत्तीनंतर शेवगावात येऊन त्यांनी दारावर ‘गुप्तहेर’ अशी ठळक पाटी लावली. मी त्यांचा सहायक. त्यांची बहीण माझी बायको असल्यामुळे या नोकरीत पगार नाही आणि राजीनाम्याचीही सोय नाही.

त्या आठवड्यात स्टँडसमोरच्या थिएटरला ‘बाहेरून कडी’ नावाचा मानसशास्त्रीय थरारपट लागला होता. त्यात नवरा बायकोला रोज रात्री खोलीत कोंडतो, तिचा मोबाईल काढून घेतो, चपला लपवतो आणि का म्हणून विचारले तर नुसता हसतो. बाकी पार्श्वसंगीत.

या चित्रपटाने पंचक्रोशीत फूट पाडली. शेवगावच्या मते असा चित्रपट गेल्या वीस वर्षांत झाला नव्हता. तिसगावच्या मते तो पुढची वीस वर्षे होऊ नये. ज्यांनी बघितला त्यांनी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहिल्या, ज्यांनी बघितला नाही त्यांनी परिच्छेद पाडले. एका प्राध्यापकांनी ‘कोंडलेल्या मनाचे भूमितीशास्त्र’ असा लेखच लिहिला. ते ट्रेलरवर भागवतात.

आमच्याकडे प्रकरण आणले जयमालाताईंनी. त्या शेवगावात बालवाडी चालवतात. त्यांच्या सम्राटचे लग्न तिसगावच्या बन्सीभाऊंच्या दीपाशी ठरले होते, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. सम्राटने शुक्रवारी हा चित्रपट बघितला आणि दीपाला बघायचा आग्रह केला. तिने रविवारी आजीला घेऊन सहाचा खेळ बघितला. त्यावर सम्राट फोनवर म्हणाला, “नवरा असावा तर असा.”

दीपाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बन्सीभाऊंचा निरोप आला: पोरगी कुलपात घालायला देत नाही, येत्या रविवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर सोयरीक मोडली समजा.

“पोरगा म्हणतो, अख्खा पिक्चर बघून ही असं कसं बोलते,” जयमालाताई म्हणाल्या. “ती म्हणते, अख्खा पिक्चर बघून हा असं कसं बोलतो. माझं पोरगं मुंगीसुद्धा कोंडायचं नाही हो.”

गहिनीनाथरावांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्यांचा मेंदू चालतो, असे ते सांगतात. उघडे असताना चालत नाही, हे मी बघितलेले आहे.

पहिला निष्कर्ष असा की थिएटरवाला तिसगावकरांना वेगळाच चित्रपट दाखवतो. पण एकाच खेळाला दोन्ही गावांचे लोक बसतात, म्हणजे एका पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रपट लावावे लागतील, हे मी निदर्शनास आणले.

“तीच तर त्याची हुशारी आहे, दाजी,” ते म्हणाले.

दुसरा निष्कर्ष, मध्यंतरातल्या भडंगात गुंगीचे औषध. पुरावा म्हणून त्यांनी सात पुड्या खाल्ल्या. गुंगी आली, पण ती त्यांना रोज दुपारी येते.

मग आम्ही तिसगावला जाऊन दीपाच्या आजीची, चांगुणाबाईंची, जबानी घेतली. चित्रपटाच्या शेवटी काय होते, असे विचारले. त्या शेंगा निवडत होत्या.

“शेवटी काय व्हतंय? पोलीस येत्यात. त्ये काय बघायचं?”

गहिनीनाथरावांनी वहीत लिहिले: म्हातारी पोलिसांना टाळते.

शनिवारी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, आम्ही सहाच्या खेळाला बसलो. वेषांतर म्हणून गहिनीनाथरावांनी गॉगल घातला होता आणि पडद्याकडे पाठ करून ते प्रेक्षकांवर नजर ठेवून होते. अंधारात गॉगल लावून त्यांना काय दिसत होते ते त्यांनाच माहीत. पडद्यावर नवरा कुलूप लावत असतानाच बाहेर स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. निम्मे थिएटर उठले आणि शांतपणे बाहेर चालू लागले.

“सामूहिक संमोहन,” गहिनीनाथराव कुजबुजले आणि माझी कॉलर धरून त्या निम्म्या थिएटरच्या मागे निघाले. सगळे तिसगावच्या एसटीत चढले. आम्हीही चढलो.

कंडक्टर रेश्माबाई तिकिटे फाडत आमच्याजवळ आल्या.

“तुमी तर शेवगावचे ना, काका? पिक्चर सोडून कुठं निघालात?”

“संपला,” गहिनीनाथराव म्हणाले. “सगळे उठले.”

“हे रोजच उठत्यात. लास्ट गाडी हाय ना ही. मला या रूटला बारा वर्सं झाली, तिसगावच्या मान्सानं सहाच्या खेळाचा शेवट बघितलेला न्हाई. हॉर्न वाजला की ह्यांचा पिक्चर संपला.”

मग मागच्या सीटवरून कोणीतरी विचारले, “मंग शेवटाला व्हतं काय?” बारा वर्षांत पहिल्यांदाच.

मी रेश्माबाईंना लग्नाचे सांगितले. दीपा गेल्या रविवारी याच गाडीत रडत बसली होती, असे त्या म्हणाल्या. उद्या त्यांना सुट्टी होती, बाराच्या खेळाला तिला घेऊन येते, एवढे बोलून त्यांनी आम्हाला शेवगावच्या वेशीपाशी उतरवले. वर, तिकीट फाडलेले असल्यामुळे पैसे घेतले.

रविवारी दुपारी दीपा, रेश्माबाई आणि मी शेवटपर्यंत बसलो. गहिनीनाथराव घरी अहवाल लिहीत होते. शेवट असा, की ती बायको झोपेत चालत विहिरीवर जाते, म्हणून कोंडून ठेव असे तिनेच नवऱ्याला सांगितलेले असते, आणि तो बारा वर्षे रात्रभर उंबऱ्यात जागा बसलेला असतो. मागच्या रांगेतले शेवगावकर हुंदके देत होते.

दीपाने पायऱ्यांवरूनच सम्राटला फोन लावला.

“मानूस चांगला हाय,” ती म्हणाली. “पर बारा वर्सं उंबऱ्यात बसन्यापरीस विहिरीवर जाळी का न्हाई टाकली?”

सम्राट म्हणाला, जाळीचे चित्रपटात काही नाही. प्राध्यापकांना मी विचारले, ते म्हणाले की विहीर हे प्रतीक आहे.

“प्रतीकात बी बुडून मरतंयच की मानूस,” हे ऐकून दीपा म्हणाली आणि बन्सीभाऊंना पत्रिका वाटायला घ्या म्हणून सांगितले. लग्न ठरल्या तारखेला झाले.

गहिनीनाथरावांनी फायलीवर ‘सामूहिक संमोहन, उकलले’ असे लिहून ती बंद केली.

चित्रपट नऊला संपतो. तिसगावची शेवटची एसटी आठ चाळीसला सुटते.