निरोगी, क्रमांक एक

त्या संस्थेत सगळं ज्येष्ठतेनुसार चालायचं. खुर्ची, पंखा, खिडकीजवळची जागा, चहाचा पहिला कप. त्यामुळे मूत्राशयाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निरोगी माणसांच्या लघवीचे नमुने गोळा करायचे ठरले, तेव्हा पहिली बाटली कोणाची, हा प्रश्नच उद्भवला नाही. विभागप्रमुख साहेब बाटली घेऊन आत गेले, भरून घेऊन आले आणि सर्वांच्या देखत त्यांनी ती टेबलावर ठेवली. उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. बाटलीवर नाव घालायचं नाही, असा गोपनीयतेचा कडक नियम होता. तो काटेकोरपणे पाळून तिच्यावर ‘निरोगी, क्रमांक एक’ अशी चिठ्ठी डकवण्यात आली.

निरोगी कोणाला म्हणायचं, हेही साहेबांनीच ठरवून दिलं होतं. जो स्वतःला निरोगी म्हणवतो, तो निरोगी.

साहेबांचा विषय होता मायक्रोआरएनए. कोणी पाहुणा आला की ते तो फार गोडीनं समजावत. “जनुक म्हणजे हुकूम सोडणारा. तो ‘वाढा’ म्हणाला की पेशी वाढायला लागतात. पण हुकूम अमलात यायच्या आधीच त्याला अडवून ‘पुरे आता’ म्हणणारे काही चिमुकले रेणू असतात. ते गप्प बसले, की पेशी कोणाचंच ऐकत नाहीत. लघवीत बघून असे कोण कोण गप्प बसलेत, ते आम्ही मोजतो.” यावर त्यांची संशोधक विद्यार्थिनी काही भर घालू लागली, की साहेब मायेनं म्हणत, “तू जरा गप्प बस.”

निकाल आले. आलेखात निरोगी माणसांचे ठिपके डावीकडे जमले, रुग्णांचे उजवीकडे. निरोगी गटातला एक ठिपका मात्र आपली माणसं सोडून रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. क्रमांक एक.

तो ठिपका कोणाचा, हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोणी अवाक्षर काढलं नाही. गोपनीयतेचा नियम त्या विभागात इतक्या मनापासून पूर्वी कधीच पाळला गेला नव्हता.

“यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले. यंत्र दुरुस्त झालं. ठिपका तिथेच. मग रसायनं शिळी ठरली, ती नवी आणली. ठिपका जागचा हलेना.

“काढून टाका त्याला,” साहेब शेवटी म्हणाले. “एका ठिपक्यापायी आख्ख्या आलेखाचा विचका करायचा नसतो.”

“पण सर, तो माणूस...” विद्यार्थिनी चाचरत म्हणाली.

“कोण माणूस? आपल्याला ठाऊक आहे तो कोण?”

“नाही, सर.”

“मग झालं तर.”

ती खाली मान घालून यंत्र पुसत बसली. ते आधीच स्वच्छ होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती यंत्रच पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

ठिपका काढायला नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीनं परवानगी नाकारली आणि ठराव केला, की क्रमांक एक यांना दुर्बिणीनं मूत्राशय तपासून घ्यावं, असं पत्रानं कळवावं. पत्रावर विभागप्रमुखांची सही असावी. साहेबांनी सही केली. कार्यालयानं क्रमांकाचा माणूस शोधला, आणि ‘गोपनीय, फक्त संबंधितासाठी’ असं लिहिलेलं पाकीट साहेबांच्याच टेबलावर येऊन पडलं.

साहेबांनी ते फोडलं नाही. संशोधनाच्या प्रमुखाला संबंधिताची ओळख कळता कामा नये, हा नियम त्यांनीच केलेला होता. पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. उत्तर येईना, तेव्हा प्रमुख या नात्यानं त्यांनी स्मरणपत्र धाडलं. तेही ड्रॉवरमध्ये गेलं.

“बघा, लोक कसे असतात!” बैठकीत साहेबांचा पारा चढला. “आपण यांच्यासाठी इथे मरमर मरतोय, आणि या गृहस्थांना साधं उत्तर द्यायला सवड नाही. स्वतःच्या जिवाशी खेळतात ही माणसं!”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरी गोष्ट एवढीच होती, की साहेब घाबरले होते. घरी एका सकाळी त्यांना लघवी लालसर दिसली होती. तेव्हा त्यांनी बिटाला दोष दिला. पुन्हा दिसली, तेव्हा बीट खाल्लेलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी संडासात दिवा लावणं सोडून दिलं.

अंधारात माणसाला कडी सापडते, भिंत सापडते, फ्लशचं बटण मात्र एखाद्या दिवशी राहून जातं. त्यानंतर आत गेलेल्या त्यांच्या बायकोनं दिवा लावला.

ती तडक विभागात येऊन उभी राहिली. “क्रमांक एकची बायको मी. यांचा निकाल काय आला?”

“अगं, इथे गोपनीयता...” साहेब उठले.

“घरी आल्यागेल्याला सांगत होतात ना, पहिली बाटली माझी म्हणून? तेव्हा कुठे गेली होती गोपनीयता?” साहेबांनी घाईनं ड्रॉवरला कुलूप लावलेलं तिनं पाहिलं. “अहो, मला काही सांगायचं तरी. ड्रॉवर उघडा.”

“किल्ली सापडत नाहीये.”

“तुमच्या मुठीत आहे,” विद्यार्थिनी म्हणाली. मग सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “पुरे आता, सर.”

साहेबांनी मूठ उघडली.

दुर्बिणीतून गाठ दिसली. लहान होती, काढता आली. पुढे कैक वर्षं तपासण्या कराव्या लागणार आहेत. साहेब बारीक होऊन कामावर परतले, तेव्हा विद्यार्थिनीनं आलेख समोर धरून विचारलं, “क्रमांक एक कुठे टाकू, सर?”

“बसलाय तिथेच बसू दे,” साहेब म्हणाले. “त्याला आपल्या आधी कळलं होतं.”

आता एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा, म्हणून तुम्ही खुशाल हसा. आपण निरोगी आहोत, हे तुम्हीही तुमचं तुम्हीच ठरवलेलं आहे. शिवाय इतका वेळ लघवीबद्दल वाचून तुम्हाला एव्हाना उठावंसंही वाटत असेल. या जाऊन. आत गेल्यावर दिवा तेवढा लावा.