विद्यार्थिकेंद्री गोगलगाय

ज्ञान विद्यार्थ्याच्या आतून बाहेर यायला हवं, हे आता जगभर मान्य झालं आहे. मतभेद आहे तो बाहेर आल्यावर ते कोणाच्या नावावर जमा करायचं, एवढ्यापुरताच.

आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे डॉ. बोआडी यांनी आपलं अध्यापनाचं तत्त्वज्ञान लिहून खोलीच्या दारावर चिकटवलं आहे. (दार काचेचं आहे. तत्त्वज्ञान लावल्यापासून आतलं दिसत नाही.)

तत्त्व पहिले : विद्यार्थी केंद्रस्थानी असावा.

त्यानुसार शेवटच्या वर्षाची सेरवा केंद्रस्थानी आली. केंद्रस्थानी नळ नाही, म्हणून ती खालून बादलीने पाणी आणते. तिचा प्रश्न साधा होता : मुठीएवढ्या शंखी गोगलगाई पपईच्या पानांवर पोसतात, तशा कोकोच्या फेकून दिलेल्या सालांवर पोसतील का? तिची आई गावी गोगलगाई पाळून विकते. कोरड्या दिवसांत पानं मिळत नाहीत, सालांचे मात्र ढीग पडलेले असतात. डॉक्टरांनी प्रश्नावर ‘लहान’ असा शेरा मारला आणि तो उदार मनाने स्वतःच्या प्रकल्पात सामावून घेतला.

पपईवाल्यांच्या शंखांना लाल नेलपॉलिश, कोकोवाल्यांच्या निळं.

तत्त्व तिसरे (दुसरे मंजुरीला गेलं आहे) : संशोधन समाजापर्यंत पोचावं.

मूल्यांकन समिती आली ती ऐन हरमाटानच्या कोरड्या वाऱ्यात. बाजारात गोगलगाय औषधालाही नव्हती. आणि सूपमध्ये गोगलगाय नसेल, तर आमच्याकडे पाहुणे आलेच नाहीत असं धरतात. डॉक्टर विचारात पडले. संशोधनाची सवय असल्यामुळे त्यांना मार्ग सापडला.

“आंटी, माझ्या गोगलगाई?” सेरवाने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं. शेवटची मोजणी त्याच दिवशी होती.

“तुझ्या होत्या होय त्या?” विभागाची स्वयंपाकीण आंटी डेडे पळी हलवत म्हणाली. “नटवलेल्या बघून मला वाटलं, खास पाहुण्यांच्या.”

“निळ्या कुठल्या, लाल कुठल्या, एवढं तरी सांगा!”

“शिजल्यावर सगळ्या एकाच रंगाच्या गं बाळ. आणि रडायचं तर तिकडे जाऊन रड. मीठ मी आधीच घातलंय.”

डॉक्टर मागे येऊन उभे होते. “संशोधन समाजापर्यंत पोचावं, म्हणतो ना आपण? पोचलं बघ.”

“समाज अजून जेवायचाय, प्रोफ.”

“मग वाढायला घे. संधी आहे.”

तत्त्व चौथे : संधी प्रत्येकाला.

सेरवाने वाढलं. अध्यक्षांनी दोनदा मागून घेतलं. विद्यार्थी-संशोधनाची पाहणी राहून गेली (सूपबरोबरचे फुफूचे जड गोळे अंगावर येतात), पण शेरा मिळाला : ‘उत्कृष्ट. अस्सल स्थानिक.’

तत्त्व पाचवे :

(ही जागा विद्यार्थ्याने स्वतः भरावी.)

सेरवा खरकट्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बसली. आंटीने फेकलेले शंख तिने वेचून काढले, धुतले, लाल एकीकडे, निळे एकीकडे लावले आणि एकेकाची लांबी-जाडी मोजली. जनावर काय खाऊन वाढलं ते शंख लपवत नाही. उत्तर मिळालं. तिने गावी आईला फोन केला.

तोंडी परीक्षेला समितीचेच अध्यक्ष होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“त्या सूपमध्ये शेंगदाणे होते का?”

“होते, सर.”

सेरवा उत्तीर्ण झाली. तिचा निबंध डॉक्टरांच्या नावाने निघाला. आभारात आंटी डेडे आणि सेरवा आहेत, याच क्रमाने.

ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. निम्मे विचारतात, डॉक्टरांना बढती मिळाली का. (मिळाली.) उरलेले विचारतात, गोगलगाई खरंच खातात का. तुमच्याही मनात हाच प्रश्न कधीचा वळवळतोय. गोगलगाई कोकोच्या सालांवर पोसल्या की नाही, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

समितीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही पात्र आहात. जेवण विभागाकडून.