काकूंच्या जागी कोण?

बिराजदार सर कुणाच्याही घरी गेले की चहा संपायच्या आत त्या घरात कोणत्या देशाची राज्यपद्धती चालते, ते सांगून मोकळे होतात. मुरुमला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा सामानाची खोकी अजून दारातच होती. मी खोक्यांवर आकडे घालून कशात काय आहे याची यादी करत होते आणि आमचे हे हमालांना बरोबर त्या यादीच्या उलट सूचना देत होते. सर पायरीपाशी उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं फ्रान्स हाय. राष्ट्राध्यक्षालाबी अधिकार, पंतप्रधानालाबी अधिकार. दोघं एका पक्षाचे असले तर गाडी चालती." आणि यांच्याकडे एकदा पाहून, "न्हाईतर अवघड."

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. पाश्चात्त्य राज्यघटनांची तुलना हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर विद्यार्थी गेले आणि विषय उरला, तो आता साऱ्या गावाला पुरतो. एसटी म्हणजे अमेरिका: ड्रायव्हरनं तिकीट फाडायचं नाही, कंडक्टरनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि घंटी दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. लग्नातले मानपान म्हणजे इंग्लंड: लिहिलेलं कुठंच नाही, पण चुकलात तर तीन पिढ्यांनी ऐकून घ्यायचं. नळाला पाणी का आलं नाही, असं कुणी नुसतं विचारलं तरी सर म्हणणार, "अधिकार कुणाचा, ते आधी सांगा." तो ठरेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं.

स्वतःच्या घरात ते ब्रिटनचे राजे. आरामखुर्चीत बसून अभिमानानं सांगत, "मी राज्य करतो, कारभार करत न्हाय." आतून त्यांच्या बायकोचा, महानंदाकाकूंचा, आवाज येई, "कारभार करत न्हायत, तेवढं खरं हाय."

कारभार सगळा काकूंचा. त्यात मोठं खातं म्हणजे अव्वा. अव्वा म्हणजे सरांच्या आई. नव्वदी ओलांडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, सीमेपलीकडच्या माहेरामुळं अर्धं कानडी बोलणाऱ्या. त्या फक्त काकूंच्या हातून जेवतात. मध्ये एक बाई कामाला ठेवली होती, तिच्या अंगावर अव्वांनी दुधाची वाटी फेकली. मी एकदा चमचा पुढं केला, तर त्यांनी असे ओठ मिटले की आमच्या शाळेच्या तिजोरीची मला आठवण झाली. तिथं मी हेडक्लार्क आहे. कुलपांची मला माहिती आहे.

आणि या काकूंनाच दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग बसल्या जागी. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप आकसली आहे, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, टाळू नका. पुण्याहून काकूंची मुलगी सुनीता फोनवर फोन करायला लागली. मी पिशवीत काय काय भरायचं त्याची यादी काढून काकूंकडे गेले. काकू पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दर चार शेंगांनंतर थांबत होत्या.

यादी त्यांनी वाचली नाही. म्हणाल्या, "वैशाली, तिथं पंधरा दिवस, पुढं दोन महिने जड काही उचलायचं न्हाय. अव्वाला कोण बघंल? माझ्या जागी कोण, ते सांगा. मग जाते."

सर खुर्चीतून ताडकन उठले. "हा जर्मनीचा नियम हाय! तिथं चॅन्सेलरला नुसतं हटवता येत न्हाय. त्याच्या जागी कोण येणार ते आधी निवडावं लागतं. मॅडम, नवा माणूस ठरला तरच जुना जातो." त्यांचा चेहरा वर्गात उभं राहिल्यासारखा उजळला होता. मग त्यांनी काकूंच्या छातीकडे पाहिलं. ती भात्यासारखी वरखाली होत होती. सर खाली बसले आणि एक शेंग उचलून सोलायला लागले. दाणे टरफलात टाकले, टरफलं दाण्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दारात येऊन आपली उमेदवारी जाहीर केली.

अव्वाचं दिवसभराचं काय काय असतं, ते काकूंनी सांगितलं आणि मी लिहून काढलं. भाकरी कितपत कुस्करायची, दूध किती कोमट, गोळी कोणत्या घासात लपवायची, किती वाजता कूस बदलायची, पाठीला पावडर, रात्री डाव्या हाताशी काठी. तीन पानं झाली. सरांनी ती चष्मा पुसून वाचली आणि म्हणाले, "इतकी वर्षं हे कुठं लिहिलेलं न्हवतं?"

"कुणी विचारलं?" काकू म्हणाल्या.

शिकायला तीन आठवडे होते. सरांची पहिली भाकरी तव्यावरच फाटली. दुसरीचे दोन तुकडे झाले आणि ते दोन्ही त्यांनी मला फाळणी झालेला देश म्हणून दाखवले. मी हसले नाही, कारण आत काकू दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या होत्या. आडवं पडलं की त्यांना श्वास पुरत नव्हता. पण भाकरी हा सोपा भाग होता. चार दिवसांनी ती जमली. अडलं ते अव्वापाशी. सर चमचा घेऊन समोर बसले, तर अव्वांनी विचारलं, "नी यारु?" म्हणजे तू कोण. पोटच्या पोराला. खुर्चीत बसलेला मुलगा त्या ओळखत होत्या. चमचा घेतलेला हा इसम त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

सरांची पद्धतही अशी की सांगता सोय नाही. लोकशाहीत सक्ती चालत नाही म्हणून ते प्रत्येक घासाला अव्वांची संमती विचारत. "अव्वा, देऊ का?" मग वाट बघत. तिसऱ्या घासाच्या संमतीपर्यंत अव्वा झोपून जात. असे पाच दिवस गेले. दुपारी सर जेवण आटोपलं म्हणून सांगत आणि त्यांच्या मागून काकू भिंत धरत धरत जाऊन अव्वांना भरवून येत. मला ते दिसलं तेव्हा मी रागावले. काकूंचे ओठ निळसर झाले होते. मी सरांना अंगणात गाठून स्पष्ट सांगितलं, "सर, तुमचं जमत नाहीये. आणि काकूंजवळ दिवस नाहीत."

त्यांनी वाद घातला नाही. "भरवताना ती काय करती, मॅडम?" एवढंच विचारलं.

मला माहीत होतं. यादीत लिहायचं राहिलं होतं. काकू बोलत राहायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली, कोण कुणाशी बोलत नाही. अव्वा ऐकता ऐकता तोंड उघडायच्या.

"मला गावातलं यातलं काहीच ठाऊक न्हाय," सर म्हणाले. हे ते घाबरलेल्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी डोकावले. सर अव्वांच्या पलंगाशी स्टुलावर बसले होते आणि मोडक्या कानडीत, मध्येच मराठीत, त्यांना स्वित्झर्लंड सांगत होते. तिथं म्हणे सात जण मिळून कारभार करतात. सातही सारखे. थोरला कुणी नाही. एक वर्ष एकानं पुढं बसायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्यानं.

अव्वांनी डोळे उघडले. त्यांना सात भाऊ होते. सातांत थोरला नाही असं कसं, भांडत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, भांडतात, पण दार लावून. बाहेर आले की सगळ्यांचं मत एकच. अव्वा बोळक्या तोंडानं हसल्या. हसायला तोंड उघडलं आणि सरांनी संमती न विचारता घास आत सारला.

त्या दिवशी अर्धी भाकरी गेली. पुढच्या आठवड्यात बेल्जियम झालं, जिथं भाषेवरून सरकार महिनोन्‌महिने बनत नाही. तेही अव्वांना पटलं. अमेरिका त्यांना आवडली नाही. एका माणसाला एवढा अधिकार दिला तर बायकोचं कोण ऐकणार, असं त्या म्हणाल्या.

काकू दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होत्या. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, "सुनीताला कळव. सोमवारी जाते."

मी तिथूनच सुनीताला फोन लावला. सर तर आनंदानं नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. रविवारी मी काकूंची पिशवी भरायला गेले, तेव्हा पलंगावर दुसरी एक पिशवी होती. सर त्यात आपले दोन शर्ट, टॉवेल आणि दाढीचं सामान घालत होते.

"तुम्ही कुठं निघालात?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे? सोलापूरला."

"आणि अव्वा?"

सर हातातला शर्ट तसाच धरून उभे राहिले. मला तेव्हाच कळलं, आणि त्यांनाही. तीन आठवडे जीव तोडून जी परीक्षा त्यांनी दिली, ती पास होणं म्हणजे मागं राहणं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्यापुढं अव्वा तोंड उघडत नाहीत, हे तिघांनाही माहीत होतं. कुठल्या तरी देशात यावर काही तरतूद असेल म्हणून ते थोडा वेळ विचार करत असावेत. मग त्यांनी शर्टाची घडी घालून तो कपाटात ठेवला. दाढीचं सामान जागेवर नेऊन ठेवलं. काकू म्हणाल्या, "सुनीता हाय की माझ्याजवळ." सर म्हणाले, "व्हय, व्हय. हाय की."

सोमवारी सकाळी जीप आली. सर पायरीपर्यंत आले आणि आतून अव्वांची हाक आली म्हणून तिथूनच वळले.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा काढली. सुनीता फोन मलाच करणार होती. वडिलांना एकट्यानं ऐकू देऊ नकोस, असं तिनं बजावलं होतं. अकरा वाजता सर अव्वांना भरवायला बसले. कॅनडा सुरू केला आणि मध्येच थांबले. परत सुरू केला, पुन्हा थांबले. अव्वा वाट बघत होत्या. सर वाटीतली भाकरी कुस्करत राहिले, तिचा पार लगदा झाला तरी. शेवटी अव्वांनीच हात लांब करून त्यांच्या मनगटाला धरलं आणि चमचा त्यांच्याच तोंडाकडे वळवला. सरांनी तो घास गिळला.

दोन वाजून गेल्यावर फोन आला. सगळं नीट झालं होतं. मी सांगितलं. सर "बरं" म्हणाले आणि अव्वांची कूस बदलायला उठले, कारण वेळ झाली होती.

काकूंना बोलता यायला आणखी दोन दिवस लागले. सुनीतानं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला आणि इकडं मी माझा फोन सरांकडे दिला. त्या दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलायची ही पहिलीच वेळ असावी. तशी वेळच कधी आली नव्हती. काकू काय म्हणत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. सर नुसते हुंकार देत होते. अव्वाची गोळी, पावडर, काठी, असं काहीतरी चाललेलं असणार.

मी आत जाऊन अव्वांची चादर बदलली, वाटी विसळली, बाहेर आले. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. पिठाचा हात त्यांनी सदऱ्याला लागू नये म्हणून लांब धरला होता.

"ते सगळं करतो," ते अगदी हळू म्हणत होते. "तू कवा येशील, तेवढं सांग."