महालेकाकांचा शेऱ्याचा रकाना

महालेकाकांना किती वाजले असं विचारलं, तरी ते आधी घड्याळ बाहीत ढकलत आणि मग म्हणत, "कशाला पाहिजे?"

बालवाड्या चालवणाऱ्या एका संस्थेच्या जव्हारच्या कार्यालयात आम्ही शेजारी शेजारी बसत होतो. मी पत्रव्यवहार बघायचो, काका कॉम्प्युटर. पाच वर्षांत त्यांचं घर कुठल्या आळीत आहे हे मला कळलं नाही. रजेच्या अर्जात ते 'कारण आहे' एवढंच लिहीत. एकदा शिरपामाळच्या टेकडीवर फिरताना समोरासमोर आले, तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरं कोणी असेल."

अशा माणसाला संस्थेनं सगळ्यांवर नजर ठेवण्याचं काम दिलं. आमची केंद्रं नुकतीच फोनच्या तारेनं जोडली होती. काकांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरची एक ओळ असे. कॉम्प्युटर चालू असेल तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. पुढे दोन रकाने: एक शेऱ्याचा, दुसरा 'बंद पडल्यास कोणाला कळवावे' याचा. कोणी आलं की काका पडद्यावर पंचा टाकत. पंचा तोकडा होता, त्यामुळे वरची पत्त्याची ओळ उघडीच राहायची.

एका दुपारी काम नव्हतं, म्हणून तो पत्ता मी माझ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिला. पासवर्ड विचारेल असं वाटलं होतं. कसला पासवर्ड नि कसलं काय, अख्खं पान शेऱ्यांसकट समोर. मोखाड्याच्या ओळीत लिहिलं होतं: 'लाइन ठणठणीत. गावितबाईंच्या पाड्यावरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. ठाण्याला लाइन खराब असे कळवणे.'

दहाच्या आत कॉम्प्युटर सुरू न करणाऱ्याला घरी बसवायचं, असं ठाण्याच्या मुख्य कार्यालयानं ठरवलं होतं. मोखाड्याचं केंद्र गावितबाई सांभाळायच्या, आणि त्या नोकरीवर त्यांचं घर चालायचं. आणि खरं काय, सांगायचं काय, हे दोन्ही काकांनी एकाच रकान्यात व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. मला दिसतं, तर ठाण्याच्या साहेबांनाही दिसणारच.

मी काकांना सांगितलं. ते आधी माझ्यावरच उखडले, मग पंच्यानं घाम पुसत बसले. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. पासवर्ड फक्त बदल करायला लागायचा. बघायला 'पाहुणा' म्हणून कोणालाही मुभा होती. ती आपण बंद करायची असते हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि काका कोणाला काही विचारणारे नव्हतेच.

पाहुणा म्हणून पान कोणी कधी पाहिलं याची नोंद राहते, हेही त्यानंच सांगितलं. आम्ही डोक्याला डोकं लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ठाणं कुठेच नव्हतं. पुन्हा एकदा वाचली. नव्हतंच. आम्ही दोघांनी एकदम हुश्श केलं. एक नोंद माझी होती, बाकीच्या सगळ्या मोखाड्याच्या. रोज, साडेदहाच्या सुमाराला.

काकांनी मोखाड्याला फोन लावला आणि, कधी नव्हे ते, रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला.

"मी रोज वाचते, काका," गावितबाई शांतपणे म्हणाल्या. "आल्या आल्या. कोणाला बोलले नाय."

बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण तुमच्या ओळीत कोणाचा नाव नाय. बंद पडला त कोणाला सांगायचा?"

काकांची ओळ मी तेव्हा पाहिली. तो रकाना कोरा होता.

"आमच्याकडे कळवायला कोणी नाही, बाई," काका म्हणाले. पाच वर्षांत स्वतःबद्दल त्यांनी सांगितलेली ही पहिली गोष्ट.

"मंग माझा टाका," बाई म्हणाल्या.

काकांनी फोन न ठेवताच त्या रकान्यात बाईंचं नाव टाकलं. मग पाहुण्यांची मुभा बंद केली, नवा पासवर्ड घातला, आणि तो एकेक अक्षर करून बाईंना फोनवर सांगितला. माझ्यादेखत.